फँटसी दुनिया रचताना इतिहास आणि लोककथा जपणाऱ्या माणसांकडे कसं जायचं (सगळी उदाहरणं नाशिकची)

मराठीत फँटसी लिहिणारे आता बरेच झालेत, कुणी कादंबरी लिहितंय, कुणी कॉमिक, कुणी गेमची स्टोरी, आणि बोलायला बसलं की बहुतेकांची अडचण एकच निघते, दुनिया पोकळ वाटते. मॅप आहे, राजघराणी आहेत, जादूचे नियम आहेत, तरी वाचताना वाटतं की हे सगळं कालच बांधलंय. मला यात कमी दिसतात ती गोष्टी जपणारी माणसं. आपल्या आजूबाजूला एकही कथा अशी मोकळी फिरत नाही, तिला कुणीतरी धरून ठेवलेलं असतं, त्या धरणाऱ्याचा मान असतो, ती कधी सांगायची कधी नाही याचे नियम असतात, त्या मानावरून भावकीत वाद असतात. आपल्या फँटसीत मात्र दंतकथा सगळ्यांनाच पाठ असते आणि कुणाचीच नसते. म्हणून या लोकांकडे जायचं ते गोष्ट गोळा करायला तर जायचंच, पण त्याहून जास्त ती गोष्ट कोण, कशी आणि कशासाठी जपतं ते बघायला.

मी नाशिकची, त्यामुळे उदाहरणं इथलीच देते. तुमच्या जिल्ह्यात तुमची सापडतील.

पहिली पायरी: घरी बसून आपल्या दुनियेतली भोकं शोधा

कुणाकडे जायच्या आधी आपल्या दुनियेबद्दल एक पान लिहून काढा आणि जिथे जिथे "असं असतं" म्हणून पुढे सरकलात तिथे खूण करा. उदाहरणार्थ "या शहरात दर काही वर्षांनी मोठी यात्रा भरते". बरं, भरते, पण कोण ठरवतं? आधी अंघोळ कुणाची? आपल्याकडे सिंहस्थात वैष्णव आखाडे नाशिकला रामकुंडावर आणि शैव आखाडे त्र्यंबकला कुशावर्तावर स्नान करतात, म्हणजे एकाच पर्वाची दोन गावं, आणि कोण कुठे, कोण आधी हे अगदी काटेकोर ठरलेलं. हे माहीत असलेला लेखक आपल्या यात्रेबद्दल लगेच पाच प्रश्न काढतो. तुम्हाला तेच करायचंय, प्रश्न काढायचे, उत्तरं आत्ता लिहायची नाहीत. हातात चांगले दहा-बारा प्रश्न असतील तरच बाहेर पडा, कारण "काहीतरी जुन्या गोष्टी सांगा ना" असं म्हटलं की समोरचा माणूस तुम्हाला तेच सांगतो जे शाळेच्या पोरांना सांगतो.

दुसरी पायरी: आधी वाचा, आणि दोन्ही बाजूंचं वाचा

नाशिककरांचं नशीब मोठं आहे, सार्वजनिक वाचनालय 1840 पासूनचं आहे, तिथे जाऊन बसा. इंग्रज काळातल्या गॅझेटिअरचा नाशिकचा खंड 1883 चा आहे आणि तो ऑनलाइन फुकट वाचता येतो, त्यात देवस्थानं, जत्रा, जातीजमाती, पिकं, किल्ले सगळं आहे. फक्त ते साहेबाच्या नजरेतून लिहिलेलं आहे हे डोक्यात ठेवून वाचायचं, विशेषतः आदिवासींबद्दल आणि भटक्या लोकांबद्दल तो जे शेरे मारतो ते जसेच्या तसे आपल्या दुनियेत आणायचे नाहीत.

पण खरी मजा पांडवलेणीत, म्हणजे नाशिकजवळच्या डोंगरातल्या बौद्ध लेण्यांत आहे. लोक तिथे ट्रेकला जातात, फोटो काढतात आणि उतरतात. इतिहास संशोधक वा. वि. मिराशींनी तिथल्या कोरीव लेखांची वाचनं मराठीत दिली आहेत, ती घेऊन वर जा आणि लेण्यासमोर उभं राहून वाचा. दहा नंबरच्या लेण्यात क्षत्रप (शक राजा) नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्यात तो सांगतो की मी तीन हजार कार्षापण (तेव्हाची नाणी) कायमची ठेव म्हणून गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघटनांकडे, ठेवले, दोन हजार एका श्रेणीकडे महिना शेकडा एक व्याजाने आणि एक हजार दुसरीकडे महिना शेकडा पाऊण व्याजाने. या व्याजातून लेण्यात वर्षावासाला (पावसाळ्यातल्या मुक्कामाला) राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी. आता हिशोब करा, दोन हजारावर महिन्याला वीस, वर्षाचे दोनशे चाळीस, आणि वीस गुणिले बारा दोनशे चाळीसच. तंतोतंत बसतं! वर हे सगळं निगमसभेत (नगराच्या सभेत) वाचून दाखवलं आणि फलकावर नोंदवलं असंही लिहिलंय. म्हणजे जवळपास दोन हजार वर्षांपूर्वी इथे विणकरांची संघटना बँकेचं काम करत होती आणि मूळ रकमेला हात लावायचा नाही ही अट दगडात कोरलेली होती. तुमच्या दुनियेतल्या मठाचं पोट कशावर भरतं, याचं इतकं चोख उत्तर किती फँटसी कादंबऱ्यांत मिळतं सांगा.

आता त्याच डोंगरावर तीन नंबरला या. तिथे गौतमी बलश्री या सातवाहन राजमातेचा लेख आहे, नातू पुळुमावीच्या राज्याच्या एकोणिसाव्या वर्षातला, आणि त्यात ती आपल्या गेलेल्या मुलाबद्दल, गौतमीपुत्र सातकर्णीबद्दल सांगते की त्याने क्षहरातांचा वंश निखालस संपवला, त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं. क्षहरात म्हणजे तेच, नहपानाचं घराणं. शत्रूच्या जावयाचं दान आणि जिंकणाऱ्याच्या आईचा अभिमान एकाच डोंगरावर, हाकेच्या अंतरावर. आणि शत्रूचा लेख कुणी खोडला नाही, भिक्षूंना दोघांचंही दान चाललं. या दोघांच्या मधला दुवा म्हणजे गौतमीपुत्राचा अठराव्या वर्षाचा हुकूम, त्यात उषवदाताकडे असलेलं दोनशे निवर्तनं (जमिनीचं जुनं माप) शेत भिक्षूंना दिलंय. मग चोविसाव्या वर्षी दुसरा हुकूम येतो, की अगोदर दिलेलं शेत कसलं जात नाही, ते गावही वसलेलं नाही, म्हणून दुसरीकडे शंभर निवर्तनं देतो. का ओस पडलं ते गाव? लेख सांगत नाही. तिथे तुमची कादंबरी सुरू होते.

एकच बाजू वाचली तर दुनिया सपाट होते, म्हणून मी दोन्ही बाजू म्हणते. रामशेजचंच घ्या, संभाजी महाराजांच्या काळात 1682 पासून काही वर्षं मोगलांनी हा किल्ला घेण्यासाठी जंग जंग पछाडलं. किल्ल्यावर लोखंडी तोफा नव्हत्या, तर मावळ्यांनी झाडांचे बुंधे पोखरून त्यांच्या तोफा केल्या आणि चामडं वापरून मारा केला, हे आपल्याला सांगतो तो खाफीखान, म्हणजे मोगलांच्या बाजूचा इतिहासकार. मंत्रतंत्र जाणणाऱ्या एका माणसाने सोन्याचा नाग करून घेतला आणि तो हातात धरून फौजेला वर न्यायला निघाला, तोही प्रकार त्यानेच लिहिलाय. शत्रूने लिहिलेलं कौतुक आणि शत्रूने लिहिलेली स्वतःचीच फजिती, या दोन गोष्टी तुमच्या दुनियेच्या इतिहासात आहेत का ते तपासा.

तिसरी पायरी: कुणाकडे काय आहे याची यादी

ही पायरी पटकन होते पण लोक ती टाळतात. एका कागदावर आपल्या भागातले राखणदार लिहा. त्र्यंबक-नाशिकच्या तीर्थपुरोहितांकडे नामावळीच्या वह्या आहेत, त्यात कुठल्या गावचं कुठलं घराणं कधी आलं, सोबत कोण होतं, पिढ्यांपिढ्यांच्या नोंदी आणि सह्या. गोंधळी आणि वाघ्या-मुरळी यांच्याकडे देवीच्या आणि खंडोबाच्या कथा. मालेगावजवळची चंदनपुरी हे बानूचं गाव, तिकडच्या जागरणात म्हाळसा आणि बानूचं भांडण ऐकायला मिळतं, आणि दोन जातींच्या, दोन जगण्यांच्या सवती एका देवाच्या घरात कशा नांदतात हे त्या भांडणाइतकं नीट कुणी सांगत नाही. सप्तशृंगीच्या शिखरावर जिथे धड वाट नाही तिथे यात्रेत निशाण चढवायचा मान पिढीजात एका घराण्याकडे आहे. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक पट्ट्यातल्या बोहाड्याची, म्हणजे मुखवट्यांच्या उत्सवातली सोंगं, कळवण-सुरगाणा-बागलाणकडचा मार्गशीर्षातला डोंगऱ्या देवाचा उत्सव आणि त्यातली पावरी वाजवणारी माणसं. जात्यावरच्या ओव्या माहीत असलेल्या आज्या, या तर तुमच्या घरातच असतील. ओव्यांच्या बाबतीत हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी उभा केलेला, आता पारी (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या वेबसाइटवर असलेला एक लाखाहून जास्त ओव्यांचा संग्रह जरूर बघा, ओवीसोबत बाईचं नाव आणि गाव कसं नोंदवलंय ते शिकण्यासारखं आहे.

आणि ज्यांना देवळाबाहेर ठेवलं त्यांच्याकडचा इतिहास यादीत आलाच पाहिजे. 2 मार्च 1930 ला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाडांनी तो पुढे काही वर्षं चालवला. मंदिराची कथा पुजाऱ्याकडून ऐकाल तर एक ऐकाल, सत्याग्रहींच्या घरातून ऐकाल तर दुसरी, आणि आंबेडकरी जलशातल्या गाण्यांतून ऐकाल तर तिसरी. तुमच्या फँटसीतल्या महामंदिराच्या दारात कोण अडवलं जातं, आणि ती अडवणूक कुणाच्या गाण्यात जपली जाते? हा प्रश्न विचारलाच नाही तर ते मंदिर नुसतं सेट राहतं.

चौथी पायरी: जायचं कधी आणि कसं

ओळखीतून जा. गावातले शिक्षक, आशाताई, किराणा दुकानदार, कुणीतरी सोबत असलं की अर्धं काम झालं. जानेवारी ते मार्च निफाड-दिंडोरीत द्राक्षाची धामधूम असते, कांद्याच्या काढणीत कुणाला बोलायला वेळ नसतो, भात लावणीत तर इगतपुरी-पेठकडे जाऊच नका. बागलाण-मालेगावकडे अहिराणी, सुरगाण्याकडे कोकणा आदिवासींची कोकणी, भाषा येत नसेल तर येणारा माणूस घ्या आणि त्यालाही पैसे द्या. गेल्यावर रामराम, जय भीम, जोहार, जिथे जे चालतं ते. बाबा, मावशी, आजी, दादा म्हणा, "सर माझं प्रोजेक्ट आहे" असं सुरू करू नका. पहिल्या भेटीत मोबाइल बाहेर काढायचा नाही. चहा घ्यायचा, आपण कुठले, कुणाचे, काय लिहितो ते सांगायचं, आणि खरं सांगायचं की मी बनावट दुनियेची गोष्ट लिहितेय, त्यात तुमच्याकडून शिकायचंय. लोकांना हे छान कळतं. सोंग घेणाऱ्या माणसाला बनावट दुनिया समजावून सांगावी लागत नाही.

पाचवी पायरी: काय विचारायचं

"ही कथा काय आहे" हा सगळ्यात शेवटचा प्रश्न ठेवा. त्याआधी हे विचारा: ही कुणी सांगायची? कुणी सांगितली तर चालत नाही? कधी सांगत नाहीत? चुकलं तर काय करतात? तुम्हाला कुणी शिकवली, तुमच्यानंतर कुणाकडे जाणार? शेजारच्या गावात वेगळी सांगतात का, आणि ते चुकीचं आहे असं तुम्हाला वाटतं का? या शेवटच्या प्रश्नावर माणसं खुलतात. आपली कथा सांगताना जी माणसं संकोचतात तीच शेजारच्या गावाची चूक सांगताना तासभर बोलतात, आणि त्या तासात तुम्हाला कळतं की कथेतलं नेमकं काय त्यांना जिवापाड आहे.

बोहाड्याचं उदाहरण घेते. होळीनंतर उन्हाळ्यात गावोगाव होतो, रात्रभर संबळाच्या तालावर एकेक सोंग येतं, गणपती, सरस्वती, मग पुढचे देव-दैत्य, शेवटी देवी आणि म्हसोबाचं युद्ध. बाहेरून गेलेला लेखक मुखवट्यांचे रंग लिहून घेतो. तुम्ही मुखवट्याच्या मागे जा. हा मुखवटा वर्षभर कुणाच्या घरात असतो? कुठे टांगतात, त्याला काय दाखवतात? कुठलं सोंग कुठल्या घराचं, आणि त्या घरात यंदा सुतक असेल तर? मुखवटा जुना झाला, फुटला, तर रंगवून घेतात की नवा करतात आणि जुन्याचं काय करतात? रावणाचं सोंग घेणाऱ्याच्या पाया पडतात का? उत्तरं गावागणिक वेगळी येतील. त्यातलं एकही उत्तर तुम्ही घरी बसून सुचवू शकला नसता.

नोट्स लिहिताना पानाचे तीन भाग करा, एकात त्यांनी सांगितलेलं त्यांच्याच शब्दांत, दुसऱ्यात तुम्ही डोळ्यांनी बघितलेलं, तिसऱ्यात तुमच्या डोक्यात आलेलं. हे तीन मिसळले की सहा महिन्यांनी तुम्हालाच कळणार नाही की ती दंतकथा खरी गावची होती की तुमची, आणि मग तुम्ही आपलीच कल्पना गावाच्या नावावर खपवाल. तारीख, गाव, कोण बोललं, काय वापरायला हो म्हणाले आणि काय नको म्हणाले, हे त्याच दिवशी रात्री लिहायचं.

सहावी पायरी: उचलायचं नाही, त्याची रीत घ्यायची

हीच पायरी सगळ्यात महत्त्वाची, म्हणून इथे जरा थांबते.

पावसाळ्यात गोदावरीला पूर आला की नाशिकमध्ये किती क्यूसेक सोडलं हे टीव्हीवर येतं, पण सराफ बाजारातला माणूस विचारतो, "मारुतीच्या कुठवर आलंय?" रामकुंडाजवळ नदीपात्रात दुतोंड्या मारुती उभा आहे, पाणी गुडघ्याला, कमरेला, छातीला, गळ्याला, असं शहर पूर मोजतं. त्याच्यावरची पायरी म्हणजे नारोशंकराच्या मंदिराची घंटा. मंदिर 1747 चं, घंटा 1739 च्या वसईच्या विजयातली, पोर्तुगीजांकडून आलेली, आणि पाणी घंटेला लागलं म्हणजे महापूर. मी एकदा भांडी बाजारात एका दुकानदार काकांकडे उभी होते, पाऊस चालू, काकांनी पोराला पुलावर पाठवलं, पोरगं आलं आणि म्हणालं "कंबर", आणि काकांनी एक शब्द न बोलता खालच्या फळीवरची पातेली वर चढवायला घेतली, शेजारच्या दोन्ही दुकानांत तेच चालू झालं. कुणी कुणाला काही सांगितलं नाही.

आता हे कादंबरीत आणायचं तर मारुती आणि नदी जशीच्या तशी उचलून नाव बदलणं हे आळशी काम झालं, आणि नाशिकच्या वाचकाला ते लगेच कळेल. रीत काय आहे ते बघा: संकट मोजायचं माप हे देवाचं अंग आहे, ते सगळ्यांना लांबून दिसतं, आणि प्रत्येक मापाला ठरलेलं काम आहे. दुसरी रीत: शत्रूकडून जिंकून आणलेली वस्तू शहराची धोक्याची खूण झाली. समजा तुमचं शहर वाळवंटात आहे, तिथे पूर नाही, वाळू चढते. वेशीवर एका राणीचा पुतळा, वाळू घोट्यापर्यंत आली की उंटांचा बाजार उठतो, गुडघ्याला आली की कर्जवसुली थांबते. मग राखणदार आणा, वाळू कुठवर आली हे जाहीर करायचा हक्क एकाच घराण्याचा. आणि सावकारांना वसुली चालू ठेवायची आहे म्हणून ते रात्रीतून पुतळ्याचा चौथरा उंच करायला निघालेत. बघा, दंतकथेतून राजकारण आलं, राजकारणातून पात्रं आली, आणि नाशिकचं एकही नाव त्यात नाही.

नाण्यांचंही तसंच. 1906 मध्ये सिन्नर तालुक्यातल्या जोगळटेंभीला नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा तेरा हजारांहून मोठा साठा सापडला, आणि त्यातल्या नऊ हजारांच्या वर नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा मारलेला. जुन्या राजाचा चेहरा खालून डोकावतोच. तुमच्या दुनियेत सत्ता बदलली की बाजारात काय बदलतं, याचं एवढं सुंदर चित्र हातात घेता येतं, अंजनेरीला नाणेसंशोधन संस्था आहे, अशी नाणी कशी अभ्यासतात ते तिकडे कळतं. माझ्या गोष्टीत मी असं केलंय की डोंगराळ गावं जुना चेहरा जास्त दिसणारंच नाणं घेतात आणि नवीन ठसा पूर्ण उठलेलं नाणं परत करतात. सरकारविरुद्धचा अख्खा असंतोष एका भाजीच्या व्यवहारात दाखवता आला.

सप्तशृंगीचं उदाहरण वेगळ्या कामाचं आहे. देवीची मान कलती आहे, आणि लोक सांगतात की समोरच्या मार्कंडेय डोंगरावरून ऋषी स्तुती म्हणतात ती देवी कान देऊन ऐकतेय. दोन डोंगर, मधली दरी, आणि मूर्तीच्या एका कलण्याने सगळं जोडलेलं. तुमच्या मॅपवर डोंगर असतील, पण त्यातला कुठला कुणाचं ऐकतो? मॅपवर असं एक नातं टाका आणि त्या दरीतून रस्ता काढायला निघालेला राजा आणा.

सातवी पायरी: काय वापरायचं नाही

"हे लिहू नका" असं कुणी म्हटलं तर नाही लिहायचं, नाव बदलूनही नाही. भगताचे मंत्र, पितरांच्या चिऱ्यापाशी म्हणायचं काही, ठराविक दिवसाशिवाय ज्याचा उच्चार करत नाहीत ते, हे ज्याचं त्याच्याकडेच राहू द्या. तुमच्या दुनियेत मात्र "न सांगायची कथा" असं एक रिकामं घर ठेवा, पात्रं तिच्याबद्दल बोलतात पण वाचकाला ती कधीच मिळत नाही. फार परिणाम होतो.

दुसरं, जंगलात राहणारी, काळी, मुखवटे घालणारी, बळी देणारी टोळी म्हणजे खलनायक, हे आता बंद करा. या वेषात कोण दिसतं ते पेठ-सुरगाण्याच्या वाचकाला विचारा. ज्यांच्याकडून शिकलात त्यांनाच राक्षस केलंत तर पुन्हा त्या दारात कुठल्या तोंडाने जाल?

आठवी पायरी: पैसे, नाव आणि परत जाणं

कलाकार गायला बसले तर बिदागी द्यायची, आधी ठरवून. नुसतं बोलायला बसले तरी त्यांचा दिवस मोडतो, त्याची भरपाई द्यायची, आणि ती सगळ्यांसमोर द्यायला संकोच वाटत असेल तर ओळखीने नेणाऱ्या माणसाला विचारा की इथे कसं देतात. पुस्तक छापायला जाण्याआधी त्यांच्याकडून आलेला भाग त्यांना मोठ्याने वाचून दाखवा. फाईल पाठवू नका, समोर बसून वाचा. वाचताना ते जिथे हसतील, जिथे गप्प होतील, ते लिहून घ्या, आणि "असं नसतं" म्हणाले तर का नसतं ते विचारा, बऱ्याचदा त्या कारणातून पुढचं प्रकरण मिळतं.

ऋणनिर्देशात नाव कसं टाकायचं तेही विचारायचं, कुणाला स्वतःचं नाव हवं असतं, कुणाला मंडळाचं, कुणाला नुसतं गावाचं, कुणाला काहीच नको असतं. आणि छापून आलं की कॉपी घेऊन स्वतः जा. बोहाड्याच्या गावात द्यायची असेल तर बोहाड्याच्या आठवडाभर आधी गाठा, ऐन सोंगांच्या दिवसांत पुस्तक हातात घ्यायला तिथे कुणाला फुरसत नसते.